झिनीचा दाणा, रत्नाची उंची: घरच्या घरी भाताचा क्रॉस कसा करायचा

मुरबाडला मामाकडे घरचं झिनी, म्हणजे बारीक दाण्याचं उंच देशी भात आहे, आजीच्या वेळेपासूनचं, बी दरवर्षी घरचंच राखलेलं. दाणा इतका बारीक आणि शिजलेला भात इतका मऊ की इकडे घणसोलीला आमच्याकडे गणपतीत तोच लागतो. पण उंची माझ्या खांद्याला लागते, काडी बारीक, आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला की अख्खं खाचर झोपतं. मग लोंब्या चिखलात, दाण्याला जागेवरच मोड, आणि आडवं भात कापायला मजूर तयार होत नाहीत, झाले तरी दुप्पट वेळ घेतात. अशाच एका वर्षी मामा बांधावर उभा राहून एवढंच म्हणाला, "बाय, पुढच्या साली जया लावतो." जया म्हणजे सरकारी बुटकं वाण. मला ते फार लागलं, कारण घरचं बी एकदा सुटलं की परत कुठून आणणार? तेव्हापासून मी रत्ना या सरकारी बुटक्या वाणावर झिनीचा पराग टाकून दाणा झिनीचा पण उंची कमी असं भात काढायचं काम करतेय, अर्धं घणसोलीच्या गच्चीवर बादल्यांत आणि अर्धं मामाच्या खाचरात. बीएस्सीला बॉटनी होतं एवढंच भांडवल. ज्याच्याकडे घरचं उंच भात आहे आणि ते लोळतं म्हणून सोडायची वेळ आलीय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. उंची आणि दाणा ही दोन वेगळी खाती आहेत. उंचीचं काम बहुतेक एकाच मोठ्या जीनवर (आईबापाकडून येणारा, गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा) निभावतं, ते एकदाच निवडायचं आणि सुटायचं. दाण्याचं माप मात्र बऱ्याच जीन्सवर ठरतं, ते दरवर्षी निवडावं लागतं, आणि ते दिसतंही एक पिढी उशिरा. हे शेवटचं मला माहीत नव्हतं आणि त्यात माझं एक पूर्ण वर्ष गेलं, ते पुढे सांगते.

आधी उंची. बुटक्या भाताचा जो जीन जगभर वापरला गेला त्याचं नाव एसडी१, भाताच्या पहिल्या क्रोमोसोमवर (जीन्स ज्यावर ओळीने बसतात ती दोरी). तो आला तैवानच्या डी-जिओ-वू-जेन नावाच्या बुटक्या भातातून. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याचा पेटा नावाच्या उंच इंडोनेशियन भाताशी क्रॉस केला आणि १९६६ ला आयआर८ आलं. आपल्याकडची जया १९६८ ची, तिच्यात हाच बुटकेपणा तैचुंग नेटिव्ह १ या तैवानच्याच बुटक्या वाणाकडून आला. रत्ना १९७० ची, टीकेएम ६ आणि आयआर८ चा क्रॉस. इंद्रायणी आंबेमोहर १५७ आणि आयआर८ ची. म्हणजे आपण ज्याला सरकारी बुटकं भात म्हणतो त्यातल्या पुष्कळ वाणांत हा एकच जीन फिरतोय.

हा जीन नेमकं काय करतो ते २००२ ला कळलं. झाडात जिबरेलिन नावाचं हार्मोन असतं, पेरं लांबवायचं काम त्याचं. ते तयार करणारं एक एन्झाइम या जीनवरून बनतं, आणि डी-जिओ-वू-जेनमध्ये त्या जीनमधला डीएनएच्या ३८३ अक्षरांचा तुकडाच गायब आहे. एन्झाइम निकामी, जिबरेलिन कमी, पेरं आखूड, झाड कमरेएवढं. पण फुलात याच कामाचा दुसरा जीन आहे, तो शाबूत राहतो, त्यामुळे दाणे नीट भरतात. हा जीन एवढा चालला त्याचं मोठं कारण हे. कारण सगळे बुटके जीन असे सज्जन नसतात. जपानमध्ये डायकोकू म्हणून एक जुना बुटका प्रकार आहे, डी१ जीन मोडलेला, त्यात झाडही आखूड आणि दाणाही छोटा, गोल. ब्रासिनोस्टेरॉइड नावाच्या हार्मोनमध्ये बिघाड असलेले बुटकेही बरेचसे असेच, दाणा बारका करून ठेवतात. म्हणून खाचरात एखादं आपोआप आलेलं बुटकं झाड सापडलं तर हुरळून जाऊ नका, आधी त्याची लोंबी बघा.

अजून एक, रोपवाटिकेत एखादं रोप बाकीच्यांपेक्षा एकदम उंच, पिवळट आणि किडकिडीत दिसलं तर ते जीनचं काम नाही, बुरशीचा रोग आहे, उपटून टाका. जिबरेलिनचा शोधच त्या रोगावरून लागला, १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशी जे सोडते त्यानेच रोपं उंच होतात.

आता जोडीदार निवडणं. एक बाजू ठरलेली, आपलं घरचं उंच भात. दुसरी बाजू निवडताना लोक फक्त उत्पन्न बघतात. मी म्हणेन दाणा बघा. बुटक्या वाणाचा दाणा आपल्या भाताच्या जितका जवळचा तितकं पुढचं काम कमी. जया लांब आणि जाड दाण्याची, तिच्याशी झिनीचा क्रॉस केलात तर जाडपणा काढून टाकण्यात वर्षं जातील. रत्ना लांबट पण सडपातळ, म्हणून मी रत्ना घेतली. रुंदीचं भांडण जवळजवळ मिटलं, राहिली फक्त लांबी.

आई कोण आणि बाप कोण हेही महत्त्वाचं आहे. बुटकं वाण आई करा. बुटकेपणा रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्हीकडून मिळाला तरच दिसतो. रत्नाच्या लोंबीवर झिनीचा पराग टाकला आणि क्रॉस खरा झाला तर त्या बियांची झाडं उंच येणार. आणि तुमच्या हातून एखादा पुंकेसर राहून गेला, रत्नाने स्वतःचंच बी धरलं, तर ते झाड बुटकं येणार. म्हणजे खरं-खोटं लगेच कळतं. उलट केलंत, झिनी आई, तर दोन्ही उंच, काही समजायला मार्ग नाही.

पेरणीत फक्त फुलोरा जुळवायचा. दोन्ही वाणं एकाच वेळी निसवतील, म्हणजे लोंब्या बाहेर काढतील, याचा भरवसा नाही, म्हणून दोन्हीचं बी दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा पेरा. वीस लिटरच्या बादलीत एक किंवा दोन रोपं बस. माती मी मामाकडून गोणीत भरून आणली कारण आमच्या बाजूची खाडीची माती खारट. गच्चीवर ऊन पूर्ण पाहिजे, सावलीत झाड उगाच उंच होतं आणि मग मापं खोटी येतात.

आता खरं हातकाम. साहित्य म्हणजे टोकदार चिमटा, छोटी धारदार कात्री, बटर पेपरच्या पिशव्या, जेम्सक्लिपा, टॅग आणि पेन्सिल (पेन नको, दव पडलं की पुसतं). रत्नाची अशी लोंबी घ्या जी पोटरीतून (लोंबीला गुंडाळलेल्या पानाच्या आवरणातून) अर्ध्यापेक्षा थोडी जास्त बाहेर आलीय. दुपारी चारनंतर बसा. वरच्या टोकाची फुलं आधीच उमलून गेलेली असतात, त्यांच्या बाहेर सुकलेले पुंकेसर लोंबताना दिसतात, ती कापून टाका. तळाची अगदी कोवळी, हिरवट-पांढरी, तीही काढा. मधली तीस-चाळीस ठेवा. एक एक फूल उजेडासमोर धरलं की तुसाच्या आत पुंकेसरांची सावली दिसते, ती फुलाच्या निम्म्यापर्यंत आली असेल तर फूल उद्या-परवा उमलणार. तुसाचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने तिरका कापायचा. आत सहा पुंकेसर असतात, फिकट पिवळे, भिजलेल्या शेवईच्या तुकड्यासारखे, ते चिमट्याने एकेक करून उचलायचे. मोजा, सहाच्या सहा. तळाशी दोन पिसासारखे पांढरे तुरे दिसतील, ती स्त्रीकेसराची टोकं, त्यांना चिमटा लागला की फूल वाया. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता आणि दहा फुलांना पाऊण तास लागला. चौथ्या दिवशी चाळीस फुलं एका तासात झाली. झालं की पिशवी घालून क्लिप लावा, टॅगवर तारीख आणि आईचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान झिनीची फुलं उमलतात, ढगाळ असेल तर थोडं उशिरा. पुंकेसर बाहेर डोकावताना दिसले की ती लोंबी हळूच कापून आणा, रत्नाची पिशवी वरून उघडा आणि लोंबी आत उलटी धरून बोटाने टिचक्या मारा. पिवळसर धूळ पडलेली दिसली पाहिजे. परागाचा जीव काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे लोंबी कापून मध्ये फोन घेऊ नका. हे दोन दिवस लागोपाठ करा. नंतर पिशवी परत बंद.

आठवड्याभरात कापलेल्या तुसातून हिरवा दाणा वर येताना दिसतो आणि २५ ते ३० दिवसांत पिकतो. माझे चाळीसपैकी अकरा दाणे धरले. हे दाणे उघडे, टोकाला निमुळते, किरकोळ दिसतात. तुसाची पेटीच कापलेली असते म्हणून, त्यात जीनचं काही नाही. अकरातले नऊ उगवले, सात उंच आले आणि दोन बुटके. दोन बुटके म्हणजे माझ्या चिमट्यातून सुटलेले पुंकेसर. ते काढून टाकले. उरलेली सात उंच झाडं म्हणजे आपली एफ१, क्रॉसची पहिली पिढी. त्यांच्या बियांपासूनची पुढची पिढी एफ२, मग एफ३, असं पुढे.

आणि इथे ती चूक. एफ१ झाडं निसवली, पिकली, लोंब्या हातात आल्या. मी विचार केला की यातल्या प्रत्येक दाण्यात वेगळं मिश्रण आहे, मग ज्यातून झिनी बाहेर येईल ते बारीक दाणे आत्ताच निवडावेत. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, चाळणी आणि भिंग घेऊन मी तीन रात्री बसले, बारीक दाणे वेगळे काढले आणि पुढच्या पावसाळ्यात तेवढेच पेरले. उगवण खराब, रोपं मरतुकडी, जेमतेम नव्वद जगली, आणि त्यांच्या दाण्यात झिनीकडे झुकलेलं प्रमाण जास्त आहे असं काहीच दिसलं नाही.

कारण साधं आहे पण कुणी सांगितलेलं नव्हतं. दाण्याचं माप तुसाच्या पेटीवर ठरतं, आणि तूस हे आईझाडाचं अंग आहे, बाळाचं नाही. आतला कोंब नवीन पिढीचा, पण पेटी आईच्या जीनप्रमाणे बनते, पराग पडायच्या आधीच. त्यामुळे एका एफ१ झाडावरचे सगळे दाणे, आत कोंब कोणताही असो, एकाच मापाच्या पेटीत वाढतात. मी जे बारीक म्हणून निवडले ते लोंबीच्या तळाच्या फांद्यांवरचे, उशिरा आणि अर्धवट भरलेले दाणे होते. म्हणजे मी झिनी निवडत नव्हते, अशक्त बी निवडत होते. एफ२ बियांमधला फरक बघायचा असेल तर त्या बिया पेरून, झाड वाढवून, त्या झाडाच्या लोंबीतले दाणे बघायचे. तांबड्या भाताचा रंगही असाच, तो रंगीत पापुद्राही आईचाच असतो. नशीब की चाळलेलं बाकीचं बी मी डब्यात राखेसोबत ठेवलं होतं, पुढच्या वर्षी तेच पेरलं.

तर एफ१ चं भरलेलं बी सरसकट घ्या, पळंज (पोकळ दाणे) तेवढं पाण्यात तरंगवून काढा. एफ२ साठी किती झाडं? मी २४०. एकेक रोप, २० बाय २० सेंटीमीटरवर, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीएवढी जागा पुरते, मामाने खाचराचा एक कोपरा दिला. गणित असं की बुटकेपणा रिसेसिव्ह म्हणून चारात एक, २४० मध्ये साधारण ६०. माझी तीन रोपं मेली, १७६ उंच आणि ६१ बुटकी निघाली. ते मोजत मी चिखलात उभी होते आणि आकडा ६० च्या एवढा जवळ आल्यावर मला खरंच भरून आलं. शेजारी दोन्ही मूळ वाणांची एकेक ओळ लावा, ती तुमची मोजपट्टी.

उंची मोजायची ती पिकल्यावर, जमिनीपासून सगळ्यात उंच लोंबीच्या टोकापर्यंत, कुसळ सोडून. बांधाजवळची झाडं मोजणीत धरू नका, त्यांना हवा-खत जास्त मिळतं. सगळे आकडे वहीत लिहिले की दोन ढीग दिसतात, माझ्याकडे एक ८५ ते १०५ सेंटीमीटरचा आणि दुसरा ११५ ते १४० चा, मध्ये फार थोडी झाडं. मधल्यांवर वेळ घालवू नका. उशिरा निसवणारी झाडंही थोडी उंच होतात, सातव्या क्रोमोसोमवरचा जीएचडी७ सारखा जीन निसवायची वेळ, उंची आणि लोंबीतले दाणे तिन्ही एकदम हलवतो, म्हणून निसवल्याची तारीखही लिहा. आणि बुटक्या झाडांचं उत्पन्न या वर्षी बघूच नका. आजूबाजूला खांद्याएवढी झाडं, त्यांच्या सावलीत ती दबलेली असतात, फुटवे कमी येतात. दोष त्यांचा नाही.

आता त्या ६१ झाडांचे दाणे. मुख्य लोंबीच्या मधल्या भागातले पूर्ण भरलेले दाणे घ्या, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, हाताने तूस काढा. दहा दाणे स्टीलच्या पट्टीशेजारी टोकाला टोक लावून ठेवा, मग दहा दाणे कुशीला कूस लावून. समजा लांबी ५५ मिलिमीटर आली, रुंदी १८, तर एक दाणा साडेपाच बाय एक पूर्णांक आठ, भागाकार तीनच्या किंचित वर. आपल्याकडच्या वर्गवारीत लांबी सहा मिलिमीटरच्या आत आणि भागाकार तीन किंवा जास्त म्हणजे आखूड बारीक, सहा किंवा जास्त आणि भागाकार तीनच्या वर म्हणजे लांब बारीक. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा मिळाला तर शंभर दाण्यांचं वजन करा आणि दहाने गुणा, हजार दाण्यांचं वजन आलं. काळ्या कापडावर ठेवून मोबाईलने फोटो काढा, बाजूला पट्टी, नंतर शंका आली तर परत बघता येतं.

इथे उंचीसारखं तीन उंचांना एक बुटकं असं स्वच्छ प्रमाण दिसणार नाही. लांबीवर जीएस३ हा मोठा जीन, तिसऱ्या क्रोमोसोमवर, २००६ ला सापडला. रुंदीवर जीडब्ल्यू२ आणि जीडब्ल्यू५, दुसऱ्या आणि पाचव्या क्रोमोसोमवर, २००७ आणि २००८ चे. हे तिन्ही म्हणजे ब्रेक आहेत असं समजा, जीएस३ लांबीला लगाम घालतो, बाकीचे दोन रुंदीला, आणि यातला एखादा मोडला की दाणा त्या दिशेने सुटतो. शिवाय लहान लहान जीन पुष्कळ. त्यामुळे झिनीपासून रत्नापर्यंत सलग पायऱ्या दिसतात, बहुतेक झाडं मधे आणि अगदी झिनीच्या मापाची मोजकीच. चांगली गोष्ट ही की उंचीचा जीन पहिल्या क्रोमोसोमवर आणि दाण्याचे हे मोठे जीन दुसरीकडे, त्यामुळे बुटकं म्हटलं की जाड असं काही बांधलेलं नाही. माझ्या ६१ मधून सात झाडं झिनीजवळची निघाली. सातच पुढे नेली.

एफ३ ला प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या ओळीत, वीस-वीस रोपं, ओळीला नंबर. उंचीची काळजी संपली, दोन रिसेसिव्ह जीन असलेल्या झाडाची पिल्लं बुटकीच येणार. ओळीत एखादं उंच दिसलं तर बी मिसळलंय किंवा परका पराग आलाय, काढून टाका. दाणा मात्र अजून वेगळा होत राहतो, म्हणून प्रत्येक ओळीत परत पट्टी, परत वही, आणि सगळ्यात चांगली दोन-तीन झाडं पुढे. एफ६-एफ७ पर्यंत ओळ एकसारखी व्हायला लागते. कुणाला दाणा अगदी हुबेहूब मूळच्यासारखा पाहिजे असेल तर क्रॉसचं झाड परत घरच्या भाताशी जोडत जायचं, पण तेव्हा बुटकेपणा लपलेला राहतो आणि दरवेळी एक पिढी स्वतःच्याच परागावर सोडून तो शोधावा लागतो. लॅबची ओळख असेल तर तो ३८३ अक्षरांचा गायब तुकडा रोपाच्या पानावरूनच बघता येतो. उंच बासमतीचाही हाच प्रश्न होता, १९८९ च्या पुसा बासमती १ ने तो असाच बुटकेपणा आणून सोडवला.

नावाबद्दल एक सूचना. वाडा कोलम, म्हणजे वाड्याकडचं झिनी, त्याला २०२१ मध्ये जीआय (त्या भागापुरतं राखलेलं नाव) मिळालंय, आपल्या क्रॉसला ते नाव लावू नका. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याप्रमाणे शेतकरी स्वतःचं बी ठेवू शकतो, वाटू शकतो, ब्रँड न लावता विकूही शकतो, तेवढं आपल्याला पुष्कळ आहे.

एफ४ ला ओळीमागे किलोभर भात निघायला लागतं, तेव्हाच शिजवून बघा, त्याआधी बी खाऊ नका. माप बरोबर आलं म्हणजे भात तसाच शिजेल असं नाही, ते जीन वेगळे. मी पाच ओळींचा तांदूळ नंबर लावलेल्या डब्यांतून मामीकडे नेला, कुठला कुठला ते सांगितलं नाही, तिने पाच पातेल्यांत शिजवला, गरम खाल्ला आणि दुपारी गार झाल्यावर परत खाल्ला. दोन गार झाल्यावर कडक झाले म्हणून तिने बाजूला सारले. तीन नंबरच्या पातेल्यातला तिने मामाच्या ताटात वाढला, काही न बोलता. या पावसाळ्यात तीन नंबर आणि बाकीच्या दोन ओळी खाचराच्या मधोमध लावल्यात, वारा जिथे सगळ्यात जास्त लागतो तिथे.